हैबतरावांना हवा चंद्र

सरदार हैबतरावांना जेवताना गच्चीवर चंद्र हवा होता. आणि तोही अमावास्येला!

"मिळालाच पाहिजे!" भर दरबारात मिशीला पीळ भरत ते गरजले. "दवंडी काय पिटली होती महाराज? हवामहालात राजाला जे मिळतं, तेच पाळीवाल्याला मिळेल! आपण आपल्या पाळीत चांदण्यात बसून खीर खाल्लीत. मी काय अंधारात वाटी चाचपडू?"

दवंडी राजा मकरध्वजाचीच होती. टेकडीवर हवामहाल बांधता बांधता करवंदगडचा खजिना आटला, तेव्हा त्यानं वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडले. वैशाखातला उजळ पंधरवडा स्वतःला ठेवला आणि बाकीचे तेवीस मानकऱ्यांना विकून टाकले. दरसाल आपली पाळी आली की पंधरा दिवस महाल आपला! राजाच्या पंधरवड्यालगतचा काळोखा पंधरवडा हैबतरावांनी घेतला होता. स्वस्तात मिळाला म्हणून!

दरबाराच्या कोपऱ्यात महालाची राखणदारीण हौसा उभी होती. तिला या मंडळींची सवय होती. एकानं सासरची सतरा माणसं आणून मोराला जेवणाच्या वेळीच नाचायला लावा म्हटलं होतं. दुसऱ्यानं पौषात आंबा मागितला. हौसानं लोणच्याची फोड वाढली. "हा काय आंबा?" तो ओरडला. "आंबाच आहे की! जरा वयस्कर आहे, एवढंच," हौसा म्हणाली. पण चंद्राचं लोणचं कुठून आणायचं?

"हौसा!" राजा एकदम म्हणाला. शब्दाचा तो भलता हट्टी. "माझी दवंडी खोटी पडायची नाही. उद्या अमावास्या. दिवेलागणीला मी येतो. गच्चीवर चंद्र दिसला पाहिजे. नाही दिसला, तर महालामागचं घर रिकामं कर आणि टेकडी उतर!"

त्या घरात हौसाचा बाप होता, धाकू गुरव. दम्यानं बेजार झालेला. खाली गावच्या धुळीत त्याला धड चार शब्द बोलता यायचे नाहीत. टेकडीवरच्या हवेत मात्र म्हातारा भूपाळ्या म्हणायचा!

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. म्हातारा सुपारी कातरत ऐकत होता.

"मग चंद्र आणायला केव्हा निघतेस?"

"बाबा, थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"बरं, देवळात आपली पाळी संपली की आपण काय करायचो, आठवतं?"

"आठवतं की. समया, घंटा, ताम्हन, सगळं जसंच्या तसं पुढच्या पाळीवाल्या चुलत्याच्या ताब्यात द्यायचो. महाराजांनी महालाला तीच रीत लावलीय. काही कमी भरलं, तर जाणाऱ्यानं भरून..."

हौसा बोलता बोलता थांबली. मग पदर तोंडाला लावून अशी हसली, की म्हाताऱ्याची सुपारी अडकित्त्यातून उडाली!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला राजा गच्चीवर आला. हैबतराव आधीच पाटावर बसले होते, खिरीची वाटी पुढ्यात. आभाळात चांदण्या खच्चून भरलेल्या, पण चंद्राचा पत्ता नाही.

"कुठाय?" हैबतराव खदखदून हसले. "महाराज, बाईला बोचकं बांधायला सांगा!"

"सांगतील हो, पण आधी ताबा," हौसा कमरेला पदर खोचत म्हणाली. "सरदारांची पाळी आज संपते. उद्या पहाटे पुढचे येतील. रीतीनं सगळं पाहून घ्यायला हवं. समया चार, आहेत. घंगाळ एक, आहे. झोपाळा आहे, कडी जरा वाकवलीत. असू दे. आता महाराज, एक विचारते. तुमची पाळी संपली त्या पौर्णिमेला याच गच्चीवर ताबा दिलात ना?"

"दिला. तूही होतीस की!"

"तेव्हा चंद्र होता?"

"होता म्हणजे? परातीएवढा!"

"कुठं काही कमी?"

"एक टवकाही नाही!"

"आणि सरदार, तुम्ही काय म्हणालात?"

हैबतराव चपापले. "म्हणालो... सगळं पोचलं."

"बघा महाराज!" हौसानं कपाळावर हात मारला. "भरलेला चंद्र यांच्या ताब्यात दिला. मग रोज थोडा थोडा कमी व्हायला लागला. मी म्हटलं, मोठी माणसं आहेत, पुरवून वापरतील. तर पंधरा दिवसांत सगळा संपवला! टिचभरसुद्धा ठेवला नाही! आणि वर माझ्याकडेच मागतात? काढा सरदार, कुठं ठेवलात? उद्या पुढच्यांना मी काय दाखवू?"

"अहो महाराज, ही काय बोलते!" हैबतराव पाटावरून उठले. "चंद्र काय मी खाल्ला? तो आपला आपण झिजतो! अमावास्येला कुणालाच दिसत नाही! राजा असो नाही तर रंक!"

"राजालासुद्धा नाही?" हौसानं हळूच विचारलं.

"राजाला म्हणून काय वेगळा उगवतो?"

"ऐकलंत महाराज? अमावास्येला राजाला जे मिळतं, तेच सरदारांना मिळालं. तुमची दवंडी खरी ठरली!"

राजा असा हसला की त्याचा फेटा सुटून खिरीत पडला! हैबतराव वळून आपले जोडे शोधू लागले.

"हौसा," डोळे पुसत राजा म्हणाला, "ते घर आजपासून तुझं, कायमचं. आणि माझ्याकडचा पंधरवडाही तुला दिला! ती पाळी तुझी. तेवढे दिवस तू मालकीण, झोपाळ्यावर बस."

"बसेन. पण महाराज, तेवढे दिवस राखणदारी कुणी करायची?"

राजानं हैबतरावांकडे पाहिलं. त्यांच्या हातात एकच जोडा होता.

"हे करतील! चंद्राचा ताबा भरून देईपर्यंत, दरसाल."

हौसानं लगेच कोपऱ्यातला झाडू उचलला आणि सरदारांपुढे धरला.

"घ्या सरदार. नीट मोजून घ्या, एक आहे. आणि माझ्या बापाला मोराचा नाच आवडतो. जेवणाच्या वेळी!"