शिडांवर खुणा शिवणारी चांगुणा

फार वर्षांपूर्वी, शिरवेळच्या खाडीने इंजिनाचा आवाज ऐकला नव्हता तेव्हाची गोष्ट. तेव्हा होड्या शिडावर चालायच्या आणि प्रत्येक शिडावर त्या त्या घराची खूण असायची. कुणाचा मासा, कुणाचा सूर्य, कुणाचे नुसतेच दोन पट्टे. या खुणा कापडाच्या ठिगळांतून शिवायची चांगुणा. असं म्हणतात, तिची सुई माशाच्या काट्याची होती. खरं खोटं देव जाणे, पण तिने लावलेलं ठिगळ कुठल्याच वाऱ्याने कधी उसवलं नाही.

तिची एक रीत मात्र लोकांना कंटाळा आणायची. कापड हातात दिलं तरी ती सुई उचलायची नाही. आधी विचारायची, हे शीड बघणार कोण? मग त्या बघणाऱ्याशेजारी जाऊन बसायची, दोन दोन, तीन तीन दिवस. बायका म्हणायच्या, "चांगुणा, तू शिवूक येतंस की पावणी म्हणान येतंस?"

"जेवूक घालतास तवसर पावणी," ती म्हणायची.

एकदा दाजी तांडेलाने नवा मचवा बांधला. अकरा माणसांचा, गावात तेवढी मोठी होडी दुसरी नव्हती. तो शीड घेऊन चांगुणाच्या दारात आला.

"वाघ व्हयो. जबडो उघडलेलो. सात गावांका दिसाक व्हयो."

"सात गावां तुझा शीड बघून काय करतली?"

"जळतली. आणि काय?"

"आणि तुझी वाट कोण बघतला?"

"ती येसू बघता. ती सगळ्यांचीच बघता."

येसू ही दाजीची विधवा बहीण. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. त्यावर पाणी किती आहे ते होडीतून कळत नसे. म्हणून येसू वरच्या उंच, खडकाळ सड्यावर काठी घेऊन बसायची. काठीवरचं पांढरं फडकं वर गेलं की होडीने दांड्यावरून सरळ आत यायचं, फडकं खाली आलं की लांबच्या खोल वाटेने वळसा घालायचा. दांड्यावर फुटणाऱ्या लाटेच्या नुसत्या आवाजावरून तिला पाणी कळायचं, असं म्हणतात.

चांगुणा सडा चढून येसूजवळ जाऊन बसली. येसू गप्पांना मोठी गोड. बांगड्याच्या कालवणात तिरफळं किती, यावर तिने सकाळ घालवली. पण चांगुणाने विचारलं, "ती होडी कोणाची गो?" की म्हणायची, "तुका दिसता ना? मगे माका कित्याक इचारतंस?"

तिसऱ्या दिवशी एक घार बाजूने उडत गेली आणि येसूची मान झटकन तिकडे वळली. समोर मात्र एक शीड केव्हाचं उभं होतं, त्याची तिला गंधवार्ता नव्हती. चांगुणाने ते पाहिलं. तिने सावकाश विचारलं, "येसू, कधीपासून?"

येसूने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "दोन पावसाळे. समोरचा दिसणा नाय. बाजूक काय हलला तर कळता."

"आणि सांगूक नाय कोणाक?"

"सांगलंय तर लोक काठी काढून घेतीत. नव्या माणसाक दांड्याचो आवाज कळाक दहा वर्सां जातली. आजवर सगळ्यो होड्यो एकाच मापाच्यो, चलला. आता दाजीच्या मचव्याक दुप्पट पाणी लागतला. तो मचवो आसा ह्या माका कळाक व्हया. माझो पोरगो रघू त्याच मचव्यार आसा गो."

चांगुणा उठली. "खुणा शिवणा माझा काम. दवंडी पिटणा नाय," एवढंच म्हणाली.

तिने अर्धं शीड काळं केलं आणि डोलकाठीच्या टोकाला काळ्या कापडाची बारा हात लांब पट्टी शिवली. दाजी बघतच राहिला.

"ह्यो वाघ?"

"ही शेपटी. बाकीचो वाघ मागसून येतलो."

दाजी चिडला, पण मचवा पाण्यात घालायचा मुहूर्त टळत होता आणि दुसरं शीड नव्हतं. किनाऱ्यावर पोरंसोरं हसली.

मग एका दुपारी समुद्रावर असं धुकं आलं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. लहान होड्या एकेक करून आत आल्या. मागून आणखी एक शीड आलं. खालची चांगल्या डोळ्यांची माणसंही धुक्यात फसली आणि ओरडू लागली, "येसू, फडका वर धर, पांडग्याची ल्हान होडी आसा!" दांड्यावर लहान होडीपुरतं पाणी होतं. येसूने हात उचलला. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी काळं वळवळलं.

तिने फडकं खाली ओढलं. माणसं शिव्या घालत राहिली, तिने ते वर केलं नाही. मचवा वळला. तो वळतो न वळतो तोच लाट मागे हटली आणि जिथून तो जाणार होता तिथली वाळू जेमतेम हातभर पाण्याखाली दिसली. असं म्हणतात, ती पट्टी त्या दिवशी पंचवीस हात झाली होती. कुणी म्हणतं, तिनेच वाऱ्याला धरून मचवा फिरवला. अकरा माणसं पायांनी चालत घरी आली. दाजीने पुन्हा वाघाचं नाव काढलं नाही.

येसूच्या डोळ्यांचं चांगुणा कधीच बोलली नाही. ते येसूनेच सांगितलं, रघूला दहा वर्षं शेजारी बसवून, काठी त्याच्या हातात दिल्यावर. चांगुणाचं शेवटी काय झालं, ते सांगतात ते असं. ज्यांची होडी आली नव्हती अशा एका घरच्या बाईसोबत ती सड्यावर बसायला गेली. ती बाई उतरली, चांगुणाला उतरताना कुणी पाहिलं नाही.

आता शिडं गेली. पण शिरवेळला आजही दुकानाची पाटी असो की देवळाची, रंगाचा डबा उघडण्याआधी पेंटरला बघणाऱ्यांत बसवतात. त्याला 'चांगुणेक बसणा' म्हणतात. गेल्या साली अंगणवाडीच्या पाटीसाठी तालुक्याहून पेंटर आला, त्यालाही बायकांनी सोडलं नाही. दोन दिवस तो पोरांमध्ये मांडी घालून बसला. पहिल्यांदाच आईचं बोट सोडणारी, दारातच थबकणारी पोरं त्याने पाहिली. मग त्याने दारावरची जागा सोडून दिली आणि पाटी खाली, उंबऱ्याजवळच्या भिंतीवर काढली. एक लाल कुर्ली, नांगी उघडून आत बोलावणारी खेकडी, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत नाव.

पोरं तिला हात लावून आत जातात. मोठ्या माणसांना नाव वाचायचं तर वाकावं लागतं.