नाकात बोलणारा दरबार

ही गोष्ट अगदी खरी. या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे पाहिली माझ्या पणजोबांनी, आणि त्यांना दिसायचं कमी. पण कान तिखट होते, आणि ही गोष्ट ऐकण्याचीच आहे.

फार फार वर्षांपूर्वी एका राजाला घटसर्प झाला. घसा आतून धरला, श्वास कोंडला. म्हाताऱ्या राजवैद्यांनी त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. मग दवंडी पिटली, हत्तीवरून साखर वाटली, आणि ‘आजार गेला, आता तुम्हीही जा’ म्हणून वैद्यांना गावी धाडलं.

काही आठवड्यांनी राजा नाकात बोलू लागला.

त्या दरबाराची रीत अशी, की राजा करील ते सगळ्यांनी करायचं. राजा लंगडला की प्रधान लंगडा. संध्याकाळपर्यंत भालदारसुद्धा नाकात ललकारू लागला. राजाला वाटलं, सगळेच असं बोलतात, म्हणजे आपलं ठीकच आहे. पण पाणी प्यायलं की ठसका, घास घेतला की खोकला. तो जेवण टाळू लागला. दरबारानेही अन्न टाकलं. राजा वाळला, दरबार वाळला.

राणीला राहवेना. तिने गुपचूप वैद्यांना बोलावलं.

“याँ याँ, वैद्यबुँवा!” प्रधान म्हणाले. “कँसं येंणं केंलंत?”

वैद्य दारातच थबकले. “मी राजवाड्यात आलो की स्मशानात? भुतंसुद्धा इतकी एका सुरात बोलत नाहीत!”

“आँम्ही सँगळे ठँणठणीत आँहोत,” राजा म्हणाला.

“ते ताक ठरवेल. आणा प्रत्येकाला पेलाभर.”

सगळ्यांनी पेले तोंडाला लावले. दरबाऱ्यांचं ताक सरळ पोटात गेलं. राजाचं मात्र नाकातून उलटं मिशांवर आलं. सेनापती तेवढा हुशार. त्याने लगेच उरलेलं ताक स्वतःच्या नाकात ओतलं आणि दुपारभर शिंकत बसला.

“हे सगळे धडधाकट आहेत,” वैद्य म्हणाले. “महाराज, आजारी तुम्ही एकटे. घटसर्प गेला, पण त्याच्या विषाने टाळू लुळी पडली. असं थोड्यांनाच होतं. आज ताक नाकात आलं, उद्या छातीत उतरेल.”

“वाचतील ना हो?” राणीने विचारलं.

“जपलंत तर. पातळ काही द्यायचं नाही. दाट खिमट, बसवून, लहान लहान घासांनी. शिकार बंद, घोडा बंद, बोलणं बंद. लुळेपणा आपोआप ओसरतो, तोवर जीव सांभाळायचा.”

दुसऱ्या दिवशी अख्खा दरबार गाद्या घेऊन राजाच्या महालात झोपायला आला. राणीने सगळ्यांना बाहेर काढून कडी लावली आणि स्वतः घास भरवत बसली. हळूहळू टाळू हलू लागली, अंगावर मांस चढलं. एका सकाळी राजाने कडी काढली आणि दरबाऱ्यांना स्वच्छ आवाजात म्हणाला, “चालते व्हा!”

तात्पर्य एवढंच: भोवतीचे सगळे आपल्यासारखेच वागू लागले, की आपलं दुखणं आपल्यालाच दिसेनासं होतं.

आता रचलेलं कुठलं, तेही सांगून टाकतो. ते ‘चालते व्हा’ माझं. खरं तर राजा स्वच्छ बोलला त्याच दिवशी सगळा दरबारही स्वच्छ बोलू लागला, आणि एवढ्या मोठ्या आजारातून उठल्याबद्दल प्रत्येकाने मानाची शाल घेतली.