विवराचा ढेकर

त्या राज्याच्या मधोमध एक विवर होते आणि त्याला तळ नव्हता. निदान सगळे तसे मानत. राज्य खवल्या मांजरांचे होते. खवल्या हा मुळातच दचकणारा प्राणी. काही अघटित दिसले की तो नाक पोटात खुपसून अंगाचा गोळा करतो, आणि अघटित निघून गेले असेल अशा अंदाजाने सावकाश उलगडतो. राज्याचा सगळा कारभार याच पद्धतीने चाले आणि, खोटे कशाला बोला, बरा चाले.

जे जे नकोसे होई ते विवरात जाई. कुजकी फळे जात, फुटकी भांडी जात, आणि अधूनमधून एखादा नकोसा रहिवासीही जाई. त्याची पद्धत ठरलेली होती. विवराच्या काठावर एक उंच चौथरा होता. त्यावरून ढकलायचे, लगेच लाकडी झाकण सरकवायचे आणि सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचे. बराच वेळ काही होत नसे. मग झाकणाखालून एक आवाज येई. विवराने ढेकर दिला, असे थोरले सांगत. थोरले म्हणजे त्या राज्याचे प्रमुख. ढेकर आला म्हणजे विवराचे पोट भरले, आता आपण जेवायला हरकत नाही. मग तिथेच वाळवीची पंगत बसे. एखाद्या दिवशी ढेकर दोनदा येई. त्या दिवशी पानात दुसऱ्यांदा वाढत.

दुरपी नावाच्या खवलीची मुलगी येसू हिला पाठ फिरवून बसण्याचा कंटाळा होता. एकदा तिने एक कवठ विवरात सोडले, झाकण उघडेच ठेवले आणि काठाशी पालथी पडून खाली बघत राहिली. पुष्कळ वेळाने ते कवठ खालून वर आले. काठाशी येऊन श्वासभर थांबले आणि परत खाली गेले. तिने वाट पाहिली. ते पुन्हा आले, या वेळी थोडे खालीच थांबले आणि पुन्हा गेले.

त्या दिवशी वारूळ उकरता उकरता तिने आईला सगळे सांगितले. "तळ असता तर आपटून फुटलं असतं ना गं? फुटलं नाही. म्हणजे पलीकडेही तोंड आहे. मधोमध पोचेपर्यंत ते वेग घेत जातं, मग जेवढा घेतला तेवढा हरवत जातं, आणि सगळा संपला की पलीकडच्या काठाशी थांबतं. तिथं कुणी धरलं तर धरलं, नाहीतर माघारी निघतं. आतली हवा दर फेरीला थोडी उंची खाते. शेवटी मधेच कुठेतरी लटकून राहत असणार."

"मला सांगितलंस तेवढं पुरे," दुरपी म्हणाली. "चौघांत बोलू नकोस."

येसू चौघांतच बोलली. पलीकडे तोंड आहे म्हणजे तिथे कुणीतरी राहत असेल, आणि आपली घाण आपण इतकी वर्षे त्यांच्या दारात टाकतो आहोत, असे ती भर सभेत म्हणाली. सभेला धक्का बसला. निम्म्या सभासदांचे तिथल्या तिथे गोळे झाले. थोरले मोठ्या कष्टाने उलगडलेले राहिले आणि त्यांनी तिला शब्द मागे घ्यायला सांगितले. दुरपीनेही पदर पसरावा तशा पुढच्या दोन्ही नख्या पसरून सांगितले, "घे गं बाई मागे. काय जातंय तुझं?" पण येसूने कवठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेवढ्यामुळे तिला ढकलायचे ठरले.

तिला चौथऱ्यावरून ढकलले, झाकण सरकवले, सगळ्यांनी पाठ फिरवली. दुरपीनेही फिरवली. एवढी वर्षे ती फिरवतच आली होती, अंगाला सवय होती. पाने मांडली गेली. बराच वेळ गेला आणि झाकणाखालून आवाज आला.

दुरपीच्या अंगावरचे खवले उभे राहिले. आवाज खवल्यांचा होता. लाकडावर आतून खवले आपटले होते. ज्या आवाजाला ती जन्मभर ढेकर म्हणत आली, तो कुणाच्या तरी पाठीचा होता.

"झाला ढेकर," थोरले म्हणाले. "वाढा."

दुरपीने पानांवरून धाव घेतली आणि झाकण ढकलून दिले. खाली काळोख होता. येसू येऊन, झाकणाला आपटून, परत गेली होती. थोरले मागून ओरडले, "अगं, विवर उघडं ठेवून कुणी पंगतीला बसतं का? लाव ते."

"थोरले, पाया पडते. एकदाच थांबा. ती परत येईल."

"गेलेलं परत येत नाही."

"मग उघडं राहिलं तर तुमचं काय बिघडतं?"

दुरपी विवराच्या तोंडाशी आडवी झाली, त्यामुळे झाकण लावता येईना. अन्न निवत होते. सगळे कुरकुरत, विवराकडे तोंड करून बसले. असे ते पहिल्यांदाच बसले होते.

आणि येसू वर आली. काळोखातून आधी एक ठिपका आला, मग तो मोठा झाला, मग मंद होत होत काठाखाली हातभर अंतरावर येऊन थांबला. ती जिवंत होती, डोळे उघडे होते. दुरपीने नख्या खाली सोडल्या. पण येसूने काय पाहिले? डोळ्यांत घुसणारा उजेड, आणि काठावरून वाकलेली शंभर तोंडे. ती खवलीच होती. ती दचकली आणि तिचा गोळा झाला. दुरपीच्या नख्या त्या गुळगुळीत खवल्यांवरून घसरल्या, धरायला काही सापडेना. श्वासभराची ती उसंत संपली आणि गोळा खाली गेला.

मग दुरपीच्या शेजारची म्हातारी भागू हळू आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांच्या वेळी ढेकर दोनदा आला होता. मी दोनदा वाढून घेतलं." एवढे बोलून तिने नाक पोटात खुपसले. मग तिच्या पलीकडच्याने, मग त्याच्या पलीकडच्याने. कुणाचा भाऊ गेला होता, कुणाची सासू, आणि प्रत्येकाला आपापली पंगत आठवली असावी. पाहता पाहता विवराच्या काठाभोवती नुसते गोळे उरले. थोरल्यांचा गोळा सर्वांत मोठा आणि सर्वांत घट्ट होता.

दुरपी एकटी उलगडलेली राहिली. पुढच्या फेरीला येसू आणखी खाली थांबणार होती. नख्या पोचणार नव्हत्या, आणि पोचल्या तरी पोरगी पुन्हा दचकणार होती. तिच्या भीतीचा दुरपीला राग आला, आणि लगेच ती भीती आपल्याच पोटातून गेलेली आहे हे आठवून रडू आले. रडतानाच तिला सुचले. खवल्यांची पिल्ले आईच्या शेपटीला धरून वाढतात. कितीही भ्यालेले पिल्लू असो, शेपटी दिसली की गोळा न होता आधी तिला बिलगते.

तिने विवराकडे पाठ केली आणि शेपटी आत सोडली. आता स्वतः कशाला तरी धरायला हवे होते. समोर थोरल्यांचा गोळा होता. तिने त्याला चारी पायांनी कव घातली. थोरले आतून म्हणाले, "सोड! सोड मला!" आणि घाबरून आणखी घट्ट झाले. जितके घट्ट झाले तितके ते जागचे हलेनासे झाले. राज्याच्या इतिहासात थोरल्यांचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

खूप वेळाने शेपटीला हिसका बसला. ओळखीची मिठी पडली. दुरपी किंचाळली आणि ओढू लागली. एक पाय, मग दुसरा, थोरल्यांच्या पाठीवरून पुढे पुढे सरकत तिने पोरीला काठावर आणले. येसूचे तोंड वर आले, खांदे आले, पोट मातीला लागले. पण ओझे कमी होईना. येसूची स्वतःची शेपटी अजून विवरात होती आणि ताठ ताणलेली होती.

"आई, सोडू नकोस," येसू धापा टाकत म्हणाली. "मी पलीकडच्या काठाखाली थांबले होते, तेवढ्यात तिकडचं झाकण उघडलं आणि ह्याला ढकललं. माझ्या अंगावरच पडला. मग दोघं एकाच वेगानं इथवर पडत आलो."

दोघींनी मिळून त्याला ओढून काढले. पोक्त वयाचा खवल्या होता, खवले कडेने पांढरे झालेले. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. माती लागली तसे त्याने ते उघडले. त्याला उंच चौथरा दिसला. बाजूला पडलेले लाकडी झाकण दिसले. मांडलेली पाने दिसली. आणि दुरपीचा भार उतरल्यावर नुकतेच उलगडू लागलेले एक भारदस्त खवल्या मांजर दिसले. तो उठला, धावत गेला आणि त्याने थोरल्यांचे पाय धरले.

"चुकलं माझं, मालक," तो म्हणाला. "सगळ्यांच्या देखत सांगतो. खाली कुणी राहत नाही. मी उगाच बोललो. पुन्हा नका ढकलू, खाली कुणीच नाही."

काठावरच्या गोळ्यांत एकेक डोळा उघडत होता. त्या सगळ्या डोळ्यांसमोर, परक्या मातीत कपाळ घासत, तो शपथेवर सांगत राहिला की खाली कुणी नाही.