ऐनाच्या खोडावरचे दोन पतंग

किडेमुंग्याही एकमेकांशी भांडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका ऐनाच्या खोडावर दोन पतंग राहत, फुलपाखरांचे करडे भाऊबंद. थोरल्याच्या दोन्ही पंखांवर अगदी सारखे ठिपके, सारख्या रेघा. धाकट्याचा उजवा पंख मात्र पालीने अर्धा तोडला होता.

थोरल्याने पंख पसरले की धाकट्याच्या पोटात दुखायचं.

"दादा, तुझी नक्षी कशी डावीकडे तशीच उजवीकडे! माझ्याकडे कोण बघणार?"

"अरे, आपला रंगच सालीचा. कुणाला दिसलो नाही म्हणून तर जगलो."

"तुला बोलायला काय जातंय?" धाकटा फणकारला.

एके सकाळी राजवाड्यातल्या संग्रहासाठी किडे पकडणारा येसाजी आणि त्याची बायको तुळसा तिथे आले. तुळसा खोडापाशी थबकली.

"अहो, बरणी आणा. इथं पतंग आहे."

"या खडबडीत सालीत तुला दिसला कसा?"

"सालीची एक रेघ दुसरीसारखी नसते. दोन्हीकडं सारखं काही आलं, की डोळा आपोआप तिथंच जातो."

तिने थोरल्यावर अलगद बरणी पालथी घातली. तिचा पदर धाकट्याला घासून गेला, पण तो तिला दिसलाच नाही. येसाजीने टाचण्यांची डबी उघडली.

थोरला काचेवर पंख आपटत राहिला. धाकटा मोकळ्या खोडावरून ते बघत होता.

"बघा," तो जळफळत म्हणाला, "याही वेळी त्यालाच निवडलं!"