खाणीतले मामंजी

फार जुन्या काळी, बाळांनो, एका डोंगरात तांब्याची खाण होती. तांबं सरलं, राजाचे खणकर निघून गेले, आणि पायथ्याच्या गावातल्या बायका त्या ओसाड खाणीत रंगीत खडे वेचू लागल्या. खड्यांचे मणी होत, मण्यांवर चुली पेटत.

छत पेलायला खणकरांनी एक दगडी खांब राखला होता. बायका त्याला 'मामंजी' म्हणत. त्याच्यापुढून जाताना डोक्यावर पदर घेत. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, तसा त्या खांबालाही कुणी हात लावत नसे.

एके दिवशी दोघी जावा खाणीत शिरल्या. थोरली खांबापलीकडच्या अरुंद बिळात सरपटत गेली. धाकटी खांबापाशी दिवा धरून बसली. बसल्या बसल्या तिला दिसलं, खांबाच्या भेगेत मुठीएवढा जांभळा स्फटिक लकाकतोय. असा खडा गावात कुणी पाहिला नव्हता.

"एवढ्याशा खड्यानं मामंजींचं काय अडणार?" ती पुटपुटली, आणि तिने छिन्नी लावली.

"कसली गं ठकठक?" बिळातून थोरली ओरडली. "मामंजींना उठवतेस की काय?"

"छे हो, जाऊबाई! खाली पडलेला दगड फोडतेय."

स्फटिक हातात आला. केवढा जड, केवढा गार! तेवढ्यात तिच्या मानेवर माती सांडली. खांब करकरला. छत हळूहळू खाली बसू लागलं.

बाहेरचा उजेड समोरच होता. थोरली मात्र अजून बिळात होती.

"जाऊबाई, बाहेर या! आधी बाहेर या!"

"लुगडं अडकलंय गं!"

"फाडा ते!"

धाकटीने स्फटिक परत भेगेत कोंबला. बसेना. फिरवला, तरी बसेना. उलटा करून हातोडीने ठोकला आणि खांद्याने रेटून धरला. करकर थांबली.

बिळातून आधी हात आले, मग डोकं. थोरली बाहेर आली तशी तिने धाकटीचं मनगट धरलं आणि ओढलं. दोघी उजेडात येऊन पडतात तोच पाठीमागे छत कोसळलं.

धूळ बसली तेव्हा खाणीला तोंडच उरलं नव्हतं. पाऊलवाटेने बाकीच्या बायका टोपल्या घेऊन हसत-बोलत वर येत होत्या. त्यांना पाहून धाकटी ढिगाऱ्याकडे वळली आणि तिने डोक्यावर पदर घेतला.

"आता घेतेस होय?" थोरली हळूच म्हणाली.

त्या गावात पुन्हा मणी झाले नाहीत.

म्हणून सांगतो, ज्याने सगळ्यांच्या डोक्यावरचं छत पेललंय, त्याच्या अंगचा एक खडाही काढू नये.