आधी कोणी दिले?

किती पिढ्या झाल्या हे सांगणारे आता कोणी उरले नाही, इतक्या जुन्या काळी एका मोठ्या नदीच्या काठी एक संपन्न नगर होते. त्या नगरात पाच शेठजींच्या पाच पेढ्या होत्या.

हे शेठजी व्याजबट्टा करीत नसत. एखादा कारागीर नवी युक्ती घेऊन आला, तर ते त्याला भांडवल देत आणि युक्ती फळास आली की उत्पन्नात वाटा घेत. दहांतल्या नऊ युक्त्या बुडाल्या तरी दहावी पेढीला तारते, असे ते म्हणत. म्हणणे खोटे नव्हते. परंतु ती दहावी ओळखावी कशी, हे ज्याने त्याने दुसऱ्यावर सोपवले होते.

थोरल्या पेढीवर एक पारखी होता. आलेली प्रत्येक युक्ती चालवून पाहायची, ठोकून पाहायची आणि खरेखोटे शेठजींना सांगायचे, हे त्याचे काम. तो देवभीरू होता, मोजके बोलणारा होता, आणि तीस वर्षांत त्याची परीक्षा क्वचित चुकली होती. मात्र तीस वर्षांत ती फारशी कोणी विचारलीही नव्हती. त्यामुळे तो मनातून सदा चिडलेला असे.

आदल्याच वर्षीची गोष्ट. जरीचा फेटा बांधलेला एक गृहस्थ ‘बैलावाचून फिरणारा तेलघाणा’ घेऊन आला. थोरल्या शेठजींनी एकच प्रश्न केला, “आधी कोणी दिले?”

“धाकट्या पेढीने,” गृहस्थ म्हणाला.

धाकट्या पेढीवर त्याने थोरलीचे नाव सांगितले होते. आठ दिवसांत पाचही पेढ्यांनी भांडवल दिले.

“शेठजी, घाण्याखालच्या फळ्या एकदा उचलून पाहू द्या,” पारखी म्हणाला.

“चार पेढ्यांनी दिले, बुवा. ते चौघे काय मूर्ख आहेत?”

मुहूर्ताच्या दिवशी सारे नगर जमले. घाणा फिरू लागला, भटजींनी मंत्र म्हणायला आरंभ केला, आणि फळ्यांखालून बैल हंबरला. लोक पोट धरून हसले. फेटेवाला गर्दीतून निसटला तो पुन्हा दिसला नाही.

पारख्याला वाटले, आता तरी शेठजींचे डोळे उघडतील. शेठजी मात्र स्वस्थपणे पान लावीत म्हणाले, “माझे एकट्याचे गेले असते तर लोकांनी बोट दाखवले असते. पाचांचे गेले. पाचांचे जाते तेव्हा कोणी कोणाला हसत नाही.”

पारख्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर माघात एक बाई पेढीवर आली. ती नावा बांधणाऱ्या सुताराची लेक. नगरापासून कोसभर वरच्या घाटावर नदी अशी वेडी वळे की दर पावसाळ्यात एकदोन नावा जात. तिचे दोन भाऊ एकाच नावेत गेले होते. तेव्हापासून ती एकाच विचारात होती. दोन्ही काठांवर दगडी खांब रोवावेत, मध्ये जाड दोर ताणावा, आणि नाव त्या दोराला तिरकी अडकवावी. मग प्रवाहच नावेला ढकलत पलीकडे नेतो. वल्ह्यांची गरज उरत नाही, आणि नाव वाहूनही जात नाही.

पारखी तिच्याबरोबर एका भरल्या ओढ्यावर गेला. तेथे तिने अशी नाव बांधली होती. पहिल्या खेपेस तो डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसला. दुसऱ्या खेपेस डोळे उघडे ठेवले. मग धान्याची पोती चढवली, मग एक म्हैस चढवली. म्हशीने पलीकडे पोचेपर्यंत रवंथसुद्धा थांबवला नाही. सात खेपा झाल्यावर पारखी उठला आणि तडक पेढीवर आला.

“शेठजी, युक्ती खरी आहे. मी सात वेळा बसलो. वैशाखापर्यंत नदीचे पात्र उघडे आहे, तेवढ्यात खांब रोवले पाहिजेत. ती वेळ गेली तर वर्ष गेले, आणि येत्या पुरात जाणारी माणसेही गेली.”

“आधी कोणी दिले?”

“कोणी नाही.”

“मग काहीतरी खोट असेल.”

“खोट असती तर मी सांगितली असती.”

“तुम्ही सांगता हो, बुवा. पण तुम्ही एकटेच सांगता.”

बाई दुसऱ्या पेढीवर गेली. तेथे म्हणाले, “थोरली पेढी पुढे होऊ दे, मग आम्ही आहोतच.” तिसऱ्या पेढीने तिची तोंडभरून स्तुती केली, विडा दिला आणि दसऱ्यानंतर यायला सांगितले. चौथीने दुसरीची चिठ्ठी मागितली. पाचव्या शेठजींना तर गहिवरून आले. ते म्हणाले, “मुली, अर्धे जमव. उरलेले अर्धे मी आनंदाने देईन.”

फाल्गुन गेला, चैत्र आला. बाईच्या पाचही पेढ्यांना तीन फेऱ्या झाल्या. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी ती फिरली. फरक इतकाच, की देवळात मध्ये देव असतो.

चैत्राच्या अखेरीस एका दुपारी पारखी घाटावर तिच्याकडे गेला. ती दगडांचे माप घेत होती. पारख्याचा संताप आता आवरत नव्हता.

“काय ही माणसे. पाचही जण रांगेत उभे आहेत, प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पाठीवर, आणि रांग गोल आहे. पहिला कोणीच नाही. भगवंताने प्रत्येकाला दोन डोळे दिले ते काय शेजाऱ्याचे तोंड पाहायला?”

बाईने त्याला पुरते बोलू दिले. मग विचारले, “काका, तुम्ही सात वेळा बसलात. तुम्हाला काही शंका आहे?”

“तिळमात्र नाही.”

“मग तुम्ही काय दिलेत?”

पारख्याने काशीयात्रेसाठी वर्षानुवर्षे पैसे गाठीस बांधून ठेवले होते. त्यात खांब झाले नसते, पण दोर खचित झाला असता. तो घसा खाकरून म्हणाला, “मी पगारी माणूस आहे, पोरी. पण असे करू. शेठजींनी खांबांचे दिले की दोराचे मी देतो.”

बाई हसली. तीन महिन्यांत पारख्याने तिला प्रथमच हसताना पाहिले.

“काका, तुम्हीही रांगेतच आहात की.”

पारखी पाय आपटीत घरी गेला. एका सुताराच्या लेकीने आपल्याला शहाणपण शिकवावे, याचा त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी पूजेला बसला, तर जप चुकू लागला. तिसऱ्या दिवशीही चुकला. असे पंधरा दिवस गेले, तेव्हा त्याने पैशांचे गाठोडे काढले आणि तो घाटावर गेला.

बाई तेथे नव्हती. ती पैलतीरी, काथ्या वळणाऱ्यांच्या वस्तीत गेली होती. तेथल्या ओढ्यावर तिने तशीच नाव पुन्हा चालवून दाखवली. वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई तीत बसली, पलीकडे गेली, परत आली आणि म्हणाली, “चालतीय की गं. मग थांबायचं कशापायी?” वस्तीने दोर दिला. तो पाहून नव्हे, म्हातारीचा शब्द ऐकूनही नव्हे, तर स्वतः नावेत बसून पाहून खाणीवरच्या पाथरवटांनी दगड आणि अंगमेहनत दिली. सर्वांचा वाटा ठरला होता.

पारखी पलीकडे पोचला तेव्हा पहिला खांब उभा राहत होता. त्याने गाठोडे पुढे केले.

“आता वाटेकरी पुरे झाले, काका,” बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “नाव सुरू झाली की भाडे देऊन बसा.”

त्या पावसाळ्यात त्या घाटावर एकही माणूस बुडाले नाही. भाड्याचे उत्पन्न काथ्या वळणाऱ्यांच्या आणि पाथरवटांच्या घरी जाऊ लागले. हे ऐकताच पाचही शेठजी जागे झाले. “आधी कोणी दिले?” या प्रश्नाला आता भक्कम उत्तर होते. वर्षभरात त्यांनी दोराच्या चौदा नावांना भांडवल दिले. त्यांतल्या दोन नावा नगराच्या तळ्यात बांधल्या होत्या, जेथे प्रवाहच नाही. प्रवासी त्यांत बसत आणि बसूनच राहत. पारख्याने हे आधी सांगितले होते, हे सांगायला नकोच.

कार्तिकात पारखी काशीला निघाला. घाटावर त्याने भाडे दिले आणि नावेत बसला. शेजारच्या वाटसरूने काळ्याभोर पाण्याकडे पाहत विचारले, “आजोबा, ही नाव भरवशाची आहे ना?”

“निःशंक बस. सर्वांआधी मीच हिला पारखले होते.”

“अरे वा. मग हिच्यात तुमचा वाटा मोठा असेल.”

नदी रुंद होती. पैलतीर येईपर्यंत पारखी मांडीवरचे गाठोडे पुन्हा पुन्हा सोडून बांधीत राहिला.

तात्पर्य: आपल्या डोळ्यांनी सत्य पाहूनही जो दुसऱ्याच्या पहिल्या पावलाची वाट पाहतो, त्याची परीक्षा खरी ठरली तरी ती त्याच्या पदरी पडत नाही.