दोन सोंडांचा हत्ती

फार पूर्वीची, म्हणजे राजे आपापली नाणी पाडत होते तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या टाकसाळीत एक पारखी होता. टाकसाळीतलं प्रत्येक नाणं आधी त्याच्या हातून जायचं. नाण्याच्या एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला सूर्य. दोन्ही नीट उमटलेत ना हे बघायचं आणि चुकलेलं नाणं परत भट्टीत टाकायचं, हे त्याचं काम. ऐकायला सोपं, पण चुकलेली नाणी बाजारात गेली की लोकांचा चांगल्या नाण्यांवरचाही विश्वास उडायचा. म्हणून पारख्याला मोठा मान होता.

हा पारखी नवा होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

टाकसाळीची एक रीत होती. नव्या पारख्याने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर आपलं भिंग निवडायचं. एकदा उचललं की कायम तेच. बदलायचं असेल तर जागाही सोडायची. ही रीत कोणी पाडली हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती मोडायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

त्या दिवशी भिंगं घासणारी बाई आपली पेटी घेऊन आली. तिने कापड अंथरून भिंगं मांडली. टाकसाळीचे दिवाणजी बसले होते, नाण्यांवर घाव घालणारे घणवाले हात पुसत उभे होते.

“बाई, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?” पारख्याने विचारलं.

“तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे, पारखीबुवा.”

“चूक बघायचीय. एकही सुटता कामा नये.”

बाईने मधलं एक साधंसं भिंग पुढे केलं. “मग हे घ्या. यात अख्खं नाणं मावतं.”

पारख्याने त्यातून पाहिलं. हत्ती थोडा मोठा दिसला, इतकंच. त्याने नाक मुरडलं. मग त्याची नजर कडेच्या एका भिंगाकडे गेली. हरभऱ्याएवढं, पण चांगलं फुगीर. त्याने ते डोळ्याला लावलं आणि तो दचकलाच. हत्तीचा डोळा विहिरीएवढा दिसत होता!

“ते जोरदार आहे खरं,” बाई म्हणाली, “पण नाणं अगदी डोळ्याशी धरावं लागतं. आणि एका वेळी तिळाएवढीच जागा दिसते.”

पारख्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. इतक्या लोकांसमोर साधं भिंग उचलायचं म्हणजे कसंतरीच. त्याने हरभऱ्याएवढं भिंग मुठीत घेतलं. बाईने पेटी आवरली.

टाकसाळीत ठसे कोरणारा एक म्हातारा कारागीर होता. सगळे त्याला काका म्हणत. हत्ती त्याचा, सूर्यही त्याचाच. शिवाय रोज सकाळी कामाआधी तो एक गोष्ट करायचा. ऐरणीतल्या खोबणीत चामड्याची चकती घालून ठसा घट्ट बसवायचा. खरं तर हे घणवाल्यांचं काम, पण ‘राहू दे रे, मी आलोच आहे,’ असं म्हणत त्याने ते कधी आपल्याकडे घेतलं हे कुणाला आठवतही नव्हतं.

पारखी आता डोळ्यांत तेल घालून बसू लागला. पहिल्याच दिवशी त्याने अर्धी टोपली बाजूला काढली.

“काका, हत्तीच्या कानाशी ओरखडा आहे.”

“तो ओरखडा नाही रे. धातूला अशा बारीक रेघा असतातच. आजवर कुणाला दिसल्या नाहीत.”

“मला दिसतात ना!” पारखी म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी पाडलेली नाणी संध्याकाळी भट्टीत वितळायची. काकांनी ठसा एकदा घासला, दोनदा घासला, शेवटी नवाच कोरला. एके दिवशी पारख्याने त्यातही सूर्याचा एक किरण बोथट असल्याचं शोधून काढलं.

“काका, तुमचा हात आता थरथरतो,” तो सगळ्यांसमोर म्हणाला.

काकांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. उपरण्याला हात पुसले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पारख्याला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण कामात भीड कसली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात जत्रा आली. बाजारासाठी नवी नाणी हवी होती. घणवाल्यांनी काकांचा नवा ठसा ऐरणीत ठेवला. चकतीची आठवण कुणालाच झाली नाही. घण पडला की सैल ठसा खोबणीत जरासा सरकायचा आणि पुढच्या घावाला त्याच नाण्यावर पुन्हा उमटायचा. एका हत्तीवर दुसरा हत्ती उमटू लागला.

पारख्याने नाणं डोळ्याशी धरलं. सोंड दिसली, वळण सुरेख. कान दिसला, झकास. पुन्हा सोंड दिसली, तीही सुरेख. ठसा नवाकोरा होता, रेषा धारदार होत्या. ‘आज एकही दोष नाही,’ असं म्हणत त्याने टोपलीमागून टोपली पुढे पाठवली. घणवाल्यांना मात्र दिसलं होतं. पण ज्याला कानाजवळची रेघ दिसते त्याला आपण काय शिकवायचं, म्हणून ते गप्प बसले.

जत्रेत एका लिंबंवालीने नाणं हातात घेतलं आणि ती ओरडली, “अगं बया! ह्या हत्तीला दोन सोंडा!”

झालं. लोक गोळा झाले. पोरं नाकापुढे दोन्ही हात हलवत हत्ती हत्ती खेळू लागली. लोकांची हसून पुरेवाट झाली. पण दुपारनंतर हसणं थांबलं, कारण हत्तीचं नाणं कुणी घेईना. मीठ न्यायला आलेले लोक रिकाम्या हातांनी परतले.

दिवाणजींनी पारख्याला बोलावलं. त्याने घाईघाईने भिंग काढलं.

“ते राहू द्या,” दिवाणजी म्हणाले. “असंच बघा.”

पारख्याने हात लांब करून नाणं पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

“म्हाताऱ्याचा ठसा चुकला का?” दिवाणजींनी विचारलं. “तसं असेल तर सांगा. त्याला आजच गावाबाहेर काढतो.”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर पारखी सुटला असता. काका उत्तर द्यायला तिथे नव्हते, आणि घणवाले तोंड उघडणार नव्हते. पारख्याने नाणं मुठीत घेतलं.

“ठसा चांगला होता,” तो म्हणाला. “तो घट्ट बसवणारा माणूस मी घालवला. आणि हा हत्ती मी पाहिलाच नाही. मी नुसत्या सोंडाच पाहिल्या.”

त्याने भिंग दिवाणजींपुढे ठेवलं. भिंगाबरोबर जागाही गेली. रीतच होती तशी.

तिथून तो थेट काकांकडे गेला. काका ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. पारख्याने दोन सोंडांचं नाणं त्यांच्यापुढे ठेवलं आणि मान खाली घातली. “काका, माझं चुकलं. तुमचा हात थरथरत नव्हता.”

काकांनी नाणं पाहिलं. ते हसले नाहीत. कनवटीचं एक जुनं, झिजलेलं नाणं काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“काय दिसतं?”

पारख्याने ते हातभर लांब धरलं. कानाजवळ रेघा होत्या, कड एका ठिकाणी चेपली होती.

“हत्ती,” तो म्हणाला.

“आणखी?”

“आणखी काही नाही, काका. हत्तीच आहे. चांगला आहे.”

काकांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि खांद्यावर उपरणं टाकलं.

“चल,” ते म्हणाले, “चामड्याची चकती कशी कापायची ते तुला दाखवतो.”

तात्पर्य: चूक शोधायला बसाल तेव्हा आधी समोरची वस्तू अख्खी पाहून घ्या, आणि माणसाच्या बाबतीत तर हे मुळीच विसरू नका.